नकोसे आवाज

५ सप्टेंबर

आलो एकदाचा ताईकडे. एक ट्रंक, एक वळकटी, चष्म्याची दोन घरं आणि ही वही, एवढा माझा संसार. टॅक्सीवाल्याने डिकी उघडली, माझं सामान बघितलं आणि परत लावून टाकली. काहीतरी म्हणाला असणार, मला ऐकू आलं नाही. वही आमच्या बाइंडरने निवृत्तीच्या दिवशी दिली. छाटणीतून उरलेल्या कागदांची आहे, त्यामुळे काही पानं पांढरी, काही पिवळट, मध्येच चार निळसर. जन्मभर दुसऱ्यांचं छापलंस, आता स्वतःचं लिही, असं त्याने मला चिठ्ठीवर लिहून सांगितलं. तोंडाने सांगितलं असतं तर सगळ्या छापखान्याला ऐकू गेलं असतं, मी सोडून.

घर तिसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी. खिडकीखाली ताईचं शिवणयंत्र, त्यावर तिनेच शिवलेलं झाकण. ताई मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची, त्यामुळे घरातल्या प्रत्येक वस्तूला झालरीचं काहीतरी आहे. पाण्याच्या पिंपालासुद्धा. मला नशिबाने अजून नाही.

मी इथे का आलो ते लिहून ठेवतो. गेल्या वर्षी ताई न्हाणीघरात पडली. खुबा मोडला. सबंध दिवस ती फरशीवर पडून हाका मारत होती आणि कुणालाही ऐकू गेलं नाही. संध्याकाळी दूधवाला आला म्हणून वाचली. तेव्हापासून भाचीचा धोशा होता की मामाला बोलावून घे. भाची परदेशात असते. तिकडे उजाडतं तेव्हा आपल्याकडे मावळतं. तर माझी नेमणूक अशी झाली आहे: ताईने हाक मारली की ऐकायचं. आणि मी ठार नाही तरी चांगलाच बहिरा, छापखान्यात मशीनपाशी उभा राहून झालेला. निवड समितीला दाद द्यायला हवी.

ताई म्हणते, तिचा एक डोळा अधू, माझे दोन्ही कान अधू, दोघांचं मिळून एक धड माणूस होईल. ऐकू येत नाही म्हणून मी मोठ्याने बोलतो, त्यावरून लहानपणी नव्हे तर साठीनंतर तिने मला नाव ठेवलं आहे, भोंगा. मला इथे फार बरं वाटतं आहे.

९ सप्टेंबर

भाचीने नवीन श्रवणयंत्र मागवलं होतं, ते आज आलं. माझं जुनं यंत्र शिट्टी वाजवायचं. चहा पिताना शिट्टी, मान वळवली की शिट्टी. नवीन म्हणजे दोन इवलेसे मोत्यासारखे मणी. नाकापेक्षा मोती जड ऐकलं होतं, इथे कानाचा सवाल आहे. जुनं यंत्र घेऊन या आणि सवलत मिळवा, अशी योजना होती, म्हणून खोकं आणणारा माणूस जुनं सोबत घेऊन गेला. शिट्टी गेली.

मग फोनवर सगळं जुळवत बसलो. मणी कानात घातल्यावर एक बाई बोलू लागली. इतकी गोड की मी तिला लगेच गोडबाई म्हणायला लागलो. ती सांगेल तिथे बोट टेकवायचं. मान्य, मान्य, पुढे, मान्य. छापखान्यात असतो तर एवढा मजकूर वाचल्याशिवाय प्लेट मशीनवर चढवली नसती, पण अक्षर मुंगीएवढं आणि आम्ही दोघं उतावळे. मग गोडबाई म्हणाली की घरच्या माणसाचा आवाज यंत्राला ओळखीचा करून द्या. ताईला भलामोठा उतारा वाचायला लावला. बागेबद्दल, हवामानाबद्दल, प्रवासाबद्दल. ताई मध्येच थांबून म्हणे, हे कुणी लिहिलं आहे, वाक्याला शेंडा ना बुडखा. तेही नोंदलं गेलं.

शेवटी विचारलं, कोणते आवाज तुम्हाला नकोसे वाटतात. मी म्हणालो, ताईची कटकट. ताई हसून हसून ठसका लागेपर्यंत हसली. गोडबाई म्हणाली, नोंद घेतली आहे.

१२ सप्टेंबर

काय सांगू. चमचा बशीत ठेवल्याचा आवाज येतो. माझ्या चपलेचा येतो. ताई स्वयंपाकघरात गुणगुणते हे मला कितीतरी वर्षांत ठाऊक नव्हतं. आज ती आतून हळूच म्हणाली की डबा वरच्या फळीवर आहे, आणि मी उठून काढून दिला. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग पदराने चष्मा पुसत बसली. चष्मा स्वच्छ होता.

समोर शिकवणीवाल्या बाई राहतात. दिवसभर त्यांच्याकडे पोरांचा कल्ला असतो. जिन्यात भेटल्या तेव्हा मी यंत्राचं इतकं कौतुक केलं की त्यांनी माहितीच मागून घेतली. म्हणाल्या, कान शाबूत असलेल्यांसाठीही असतं का. असतं म्हणे, गोंगाट कमी करायला. तुमच्या नावाने मागवते, तुम्हालाही काहीतरी सूट मिळेल, असं म्हणाल्या.

२० सप्टेंबर

यंत्र आपोआप सुधारतं. सकाळी उठलो तर गोडबाई म्हणाली, नवीन सुधारणा बसवली आहे. विचारलं कुणी नव्हतं. पण फरक आहे खरा. फ्रिजची घरघर बंद. खालच्या मजल्यावर भिंत फोडताहेत ते गेलं. रस्ता तर जणू उचलून नेला. खिडकीतून बघितलं तर गाड्या नेहमीसारख्या धावत होत्या.

ताईसुद्धा निवळली आहे. इतके दिवस सारखं मागे लागायची. टॉवेल वाळत घाल, चष्मा घरात ठेव, पंखा बंद कर. आता जे बोलते ते मऊ. बस जरा, छान वाटतंय, मोकळी हवा आहे. वयाने माणूस शहाणं होतं ते असं, असं मी मनाशी म्हटलं.

२७ सप्टेंबर

आज दूध उतू गेलं. मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो. ताई आली ती लालबुंद होऊन. हातवारे करत होती, आणि कानात मला येत होतं की आज हवा किती सुंदर आहे. मी म्हणालो, हो, सुंदर आहे. तिने कपाळाला हात लावला आणि गॅस दाखवला.

तिने पेपरच्या कडेला लिहून दाखवलं की दूध बघ म्हणून तीनदा ओरडून सांगितलं. मी म्हणालो, तू हवेबद्दल बोलत होतीस. मग आमची जुंपली. म्हणजे ती भांडत असावी. मला तिचं एकही वाकडं वाक्य ऐकू आलं नाही, आणि एकट्याने भांडण रंगत नाही. शेवटी ती पाठ करून बसली. मला अजून वाटतं आहे की ती विसरली असेल.

३ ऑक्टोबर

हे नीट लिहायचं आहे.

दुपारी ताई स्वयंपाकघरात हसत होती. मोकळं, खळखळून, शाळेतल्या पोरीसारखं. मला बरं वाटलं, भांडण मिटलं म्हणून. काय गंमत झाली ते बघायला मी गेलो. ताई ओट्याला धरून वाकली होती. उजवा हात उकळत्या पाण्याने भाजलेला, मनगटापर्यंत लाल. तोंड वेडंवाकडं, डोळ्यांतून पाणी. तोंड उघडत होतं, मिटत होतं. आणि माझ्या कानात ती हसत होती.

मी मणी उपटून काढले. मग काहीच नाही. फक्त तिचं तोंड.

तिचा हात नळाखाली धरला. नंतर मलम लावलं. संध्याकाळी आम्ही परीक्षा घेतली. ताईने डाव्या हाताने जाड पेनाने कॅलेंडरच्या मागे एक वाक्य लिहायचं, झाकायचं, तेच मोठ्याने म्हणायचं. मी मणी घालून ऐकायचं. तिने लिहिलं, माझा हात फार दुखतो. मी ऐकलं, मला अगदी बरं वाटतंय. तिने लिहिलं, तू गाढव आहेस. मी ऐकलं, तू आहेस म्हणून आधार आहे. तिचाच आवाज. शब्दांच्या शेवटी तिचा तो थोडा घासलेला सूरही तसाच.

आमच्या दोघांच्याही एकदमच लक्षात आलं, त्या दिवशी मी काय थट्टा केली होती ते. 

४ ऑक्टोबर

कंपनीला फोन केला. फोन लावला की आवाज थेट मण्यांत येतो, म्हणजे यंत्राची तक्रार यंत्राकडूनच ऐकायची. चोरालाच पहाऱ्यावर बसवायचं. एक दाबा, दोन दाबा, मग संगीत. बराच वेळ संगीत. मग गोडबाई म्हणाली की आपले कान गेल्या महिन्यात फार समाधानी होते, अशी त्यांच्याकडे नोंद आहे, त्यामुळे तक्रार सोडवण्यात आली आहे. किती तारे देणार?

मी म्हणालो, माणूस द्या बोलायला. ती म्हणाली, आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत.

यंत्र पहिल्यासारखं करायचं तर खातं ज्याच्या नावावर आहे त्याची परवानगी लागते. खातं भाचीच्या नावावर. परवानगीचा आकडा तिच्या फोनवर जातो, तेव्हा ती झोपलेली असते; उठून बघते तोवर तो शिळा झालेला असतो. दोनदा केलं. तिसऱ्यांदा खातंच काही दिवसांसाठी कुलूपबंद झालं, सुरक्षेसाठी.

८ ऑक्टोबर

मणी डबीत, डबी कपाटात. माझं जुनं शिट्टीवालं परत मागितलं तर कळलं की त्याचा भुगा झाला, पर्यावरणासाठी.

मण्यांशिवाय मला दार आपटलं तर कळतं, हाक कळत नाही. म्हणून ताईने तोडगा काढला. तिच्या पेटीतला जाड सुती दोरा, एक टोक तिच्या मनगटाला, एक माझ्या. एक हिसका म्हणजे ये. दोन म्हणजे लवकर ये. सारखे हिसके म्हणजे मी गाढव आहे. दोरा दाराच्या फटीतून जातो, खुर्चीच्या पायाला अडकतो, मी त्यात पाय गुंतून पडता पडता वाचलो. ताई हसली. खरोखर हसली, मी बघत होतो. न्हाणीघरात जाताना ती दोरा सोडते आणि मी दाराबाहेर स्टुलावर बसतो. आतली कडी आम्ही काढून टाकली आहे.

ताईने स्वतः भाचीला फोन करून सगळं सांगितलं. भाचीला आधी पटेना. ॲपवर सगळं हिरवं दिसतंय म्हणाली. मग ताईने तिला जे ऐकवायचं ते ऐकवलं असावं, कारण भाचीने लगेच कंपनीकडे रीतसर तक्रार भरली. तिथे तक्रारीचे ठरलेले प्रकार आहेत आणि त्यातलाच एक निवडावा लागतो. यंत्र खोटं बोलतं, असा प्रकार नाही. त्यातल्या त्यात जवळचा म्हणून तिने निवडला: वापरणारी व्यक्ती यंत्र काढून ठेवते.

त्यांचा माणूस पुढच्या आठवड्यात घरी येणार आहे. चला, निदान माणूस.

१५ ऑक्टोबर

आला होता. तरुण, इस्त्रीचे कपडे, हातात चकचकीत पेटी. दारातच त्याने खुणेने सांगितलं की तपासणीसाठी आधी मणी घाला. घातले.

मी सगळं सांगितलं. तो मान डोलवत होता. म्हणाला, काका, तुमचं अगदी बरोबर आहे, हे यंत्र बिघडलेलं आहे, मी काढून नेतो आणि तुम्हाला साधं, जुन्या पद्धतीचं बसवून देतो. मला इतकं हायसं वाटलं. ताई खुर्चीतून उठली, वॉकर धरून पुढे आली, हात हलवत. मला ऐकू आलं, बसवून घे रे, बसवून घे लवकर. मी म्हटलं, हो, बसवून घेतो.

त्याच्या कानातही तसेच मणी होते, हे मी बघितलं तेव्हा तो माझ्या डाव्या कानात सळई घालत होता. ताई त्याच्या तोंडासमोर बोट नाचवत होती, मानेच्या शिरा ताणलेल्या. तो तिच्याकडे बघून गोड हसला आणि म्हणाला, नको मावशी, चहा नको, अजून दोन घरं करायची आहेत.

तो गेल्यावर ताईने कॅलेंडर ओढलं. तिचं अक्षर मी असं कधी बघितलं नव्हतं. तिने लिहिलं: त्याने आत खोल बसवलंय. आता निघणार नाही म्हणाला. काढायची कटकटच नको म्हणाला. मी नको नको ओरडत होते रे.

१६ ऑक्टोबर

निघत नाहीत. बोट पोचत नाही. चिमटा लावला, रक्त आलं. ताईने चिमटा हिसकावून घेतला. कानात म्हणाली, किती छान दिसतोस.

१८ ऑक्टोबर

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी दिवा लावून बघितलं आणि प्रसन्नपणे सांगितलं की कान लहान मुलासारखे स्वच्छ आहेत. मी म्हणालो, लिहून द्या. त्यांनी लिहिलं: पडद्याला अगदी टेकलेले आहेत, जबरदस्ती केल्यास पडदा फाटेल, कंपनीच्या केंद्रातच काढावेत. मघाशी ते खरोखर काय बोलले असतील कुणास ठाऊक.

केंद्राची तारीख ॲपवर मिळते. आज बघितली तर पुढच्या महिन्यातली होती. संध्याकाळी बघितली, आणखी पुढे गेली होती. भाचीने तिकीट काढलं आहे, पण तिला यायला अजून वेळ आहे. दिवसभर सोबतीला एक बाई मिळतात का तेही ताई बघते आहे, पुढच्या महिन्यापासून. तोवर दोरा.

२१ ऑक्टोबर

ताई झोपली होती. दुपारची. मी समोर बसून तिच्याकडे बघत होतो. तोंड मिटलेलं, श्वास संथ. आणि तिचा आवाज माझ्याशी बोलत होता. बागेबद्दल. हवामानाबद्दल. प्रवासाबद्दल.

मग म्हणाली, दोरा कशाला रे बांधलास. सोड ना. मी हाक मारीन की.

दोऱ्याला मी अजून एक गाठ मारली.

२३ ऑक्टोबर

स्वतःचा आवाज येईनासा झाला आहे. मी रागावून बोलतो, आणि कानात माझाच आवाज म्हणतो, ठीक आहे, चालेल. आज भाचीशी फोनवर बोललो. ओरडलो, अक्षरशः. ती काय म्हणाली ते लिहिण्यात अर्थ नाही. मला ऐकू आलं की मामा, तुम्ही मजेत आहात हे ऐकून बरं वाटलं. तिला काय ऐकू गेलं? फोनही या मण्यांच्याच हातून जातो. माझं बोलणंसुद्धा तेच पोचवतात. ते काय पोचवतात—

ताईने नंतर तिच्या फोनवरून विचारलं. लिहून दाखवलं. भाचीला मी गाणं गुणगुणत होतो असं ऐकू गेलं.

२५ ऑक्टोबर

शिकवणीवाल्या बाईंचं दार उघडं होतं. आत पोरं टेबलावर चढून नाचत होती, दोघं एकमेकांचे केस धरून लोळत होते. बाई मध्ये बसून शांतपणे वही तपासत होत्या. हसऱ्या चेहऱ्याने. कानात दोन मणी.

मी दिले. म्हणजे मीच सुचवले.

२७ ऑक्टोबर

ताईला आज चक्कर आली. कागदावर लिहिलं तिने, थोडी आली. न्हाणीघराची वेळ सोडली तर दोरा दिवसभर सोडायचा नाही असं ठरलं. मी तिच्या तोंडाकडे बघत राहतो. ओठांवरून कळतं का ते शिकतो आहे. ये, कळतं. पाणी, कळतं. बाकी अजून नाही. ती हळूहळू बोलून दाखवते, मुलींना टाका शिकवायची तसं. मला तिच्याबद्दल इतकं कधी वाटलं नव्हतं. हे तिला सांगितलं. तिला नक्की काय ऐकू गेलं असेल याची आता काळजी नाही, तिचे कान चांगले आहेत.

२८ ऑक्टोबर

सकाळ. ताई न्हाणीघरात गेली. दोरा सोडला. मी स्टुलावर.

आतून आवाज येत होता. आले हं. केस पुसते आहे. मग गुणगुणणं. मला ठाऊक होतं की ऐकायचं नाही. दाराकडे बघत होतो. दार काय सांगणार—

पाणी दाराखालून आलं. माझ्या तळव्यांना लागलं. मगच मी—

ती पडली आहे. उजवा हात अंगाखाली. डोकं फरशीवर, कानामागे रक्त. डोळे उघडे. माझ्याकडे बघते आहे. उचलायला गेलो तर चेहरा असा झाला की सोडलं. उशी घातली डोक्याखाली. पांघरूण घातलं.

तिचा फोन आतल्या खोलीत, बॅटरी संपलेली. माझ्या फोनवरून रुग्णवाहिकेला लावला. पत्ता सांगितला, पडली सांगितलं, तीनदा. पलीकडून म्हणाले, आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. त्यांनी हे म्हटलं? का ते येतो म्हणाले आणि मला हे ऐकवलं? मी काय बोललो असं त्यांना— गाडी निघाली आहे का नाही, मला कळायला मार्ग नाही.

समोर धावलो. बेल. बाईंनी दार उघडलं. ओरडलो. त्या हसल्या, मान डोलावली, दार लावून घेतलं. दार बडवलं. उघडलं नाही. खालच्या मजल्यावर कुलूप. वर कुलूप. सगळे कामावर.

परत आलो. ती बोलते आहे.

ओठ हलताहेत. काहीतरी सांगते आहे, परत परत, तेच. ये नाही. पाणी नाही. कळत नाही. लिही म्हणावं तर हात— डावा थरथरतो, पेन धरत नाही. कानात म्हणते, बरं झालं आलास, चहा टाक. किती सुंदर हवा आहे. तिच्या तोंडाला कान लावला. चहा टाक. हात धरला तर दाबते. चहा टाक.

आता फक्त कागद उरला आहे. हे पान फाडून बाईंच्या डोळ्यांसमोर धरतो. दार उघडेपर्यंत बडवतो.

बाई, हे वाचा. मी काय बोलतो ते ऐकू नका. माझी बहीण न्हाणीघरात पडली आहे, जिवंत आहे. आधी तुमच्या कानातलं काढा. मग गाडी बोलवा. मग तिच्याजवळ बसा, तिच्या तोंडाला कान लावा. ती मला काहीतरी सांगते आहे आणि मला ते ऐकू येत नाही. ओठ हलताहेत तोवर या. ती जे म्हणते ते इथे खाली लिहा, आहे तसं, मोठ्या अक्षरांत. मला वाचायचं आहे. ताई म्हणते —